मामींचा वॉकर आणि एक पॉइंट दोनची वायर

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेल्डिंगला नावं ठेवून पगार घेतला. चितेगावच्या एका कारखान्यात शेवटच्या टेबलापाशी मी उभा असायचो. वेल्डिंग होऊन आलेला प्रत्येक सांगाडा माझ्यापुढून जायचा. पटला तर मी नुसती मान हलवायचो. नाही पटला तर खिशातला पिवळा खडू काढून जोडावर फुली मारायचो. फुली मारताना मी दातांतून एक आवाज काढतो असं बायकोचं म्हणणं आहे. ती कारखान्यात कधी आलेली नाही, पण तिच्या आमटीची चव घेतानाही मी तोच आवाज काढतो म्हणे.

या बावीस वर्षांत मी वेल्डिंगची टॉर्च एकदाही हातात धरली नाही. तशी गरजच वाटली नाही. परीक्षकानं पेपर सोडवायचा नसतो, असं मी लोकांना सांगायचो आणि वर स्वतःच हसायचो.

माझ्या सगळ्यात जास्त फुल्या ज्यांच्या वाट्याला आल्या, ते एक मिस्त्री होते. पैठण रोडवरून आत गेलं की लागणाऱ्या एका वस्तीवरचे. घरचे सगळे मेंढरांमागं, हे एकटेच कारखान्यात आलेले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. बोलायचे कमी. फुली दिसली की जोड घासून काढायचे आणि पुन्हा करायचे. एकदाच त्यांनी मला अडवलं. पातळ पत्र्याचे कंस, म्हणजे ब्रॅकेट होते, प्रत्येकाला भोकं पडत होती आणि मी ओळीनं फुल्या मारत सुटलो होतो. मिस्त्री म्हणाले, "सायब, स्टोरनं वायर जाड दिलीय. पत्र्याला सोसंना. बारीक द्यायला सांगा की जरा."

मी नजरही वर न करता म्हणालो, "मिस्त्री, वायर बघणं माझं काम नाही. मी जोड बघतो." आणि पुढची फुली मारली. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी ते बायकोलाही ऐकवलं.

मागच्या वर्षी निवृत्त झालो. खडू आणि जोड मोजायचं गेज घरी घेऊन आलो आणि त्यानंतर आमटीचं परीक्षण फारच कडक झालं, असं घरातून समजलं.

माझी सासुरवाडी लासूर स्टेशनची. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामी उंचापुऱ्या, हाडापेरानं दणकट. चाळीस वर्षं शेतात राबलेल्या. मात्र जावई घरात शिरला की डोक्यावरचा पदर पुढं ओढून खाटेवरून उठून उभं राहायचं, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. जावयासमोर खाटेवर बसायचं नाही, जावयाला काम सांगायचं नाही, जावयाच्या कुठल्याच गोष्टीला नाव ठेवायचं नाही. मी पहिल्या दिवाळीला त्यांना चपला नेल्या होत्या, त्या दोन बोटं लहान होत्या. मामींनी त्या वर्षभर घातल्या.

गेल्या हिवाळ्यात मामी न्हाणीपाशी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरात आणून ऑपरेशन केलं, आत धातू बसवला. डॉक्टर म्हणाले, चालायचं, पण वॉकर धरूनच. आणि पाणी भरपूर प्यायचं, कारण मूतखड्यानं त्यांना आधी एकदा चांगलंच लोळवलं होतं.

दवाखान्यातून मिळालेला ॲल्युमिनियमचा वॉकर लासूरच्या घरी निरुपयोगी ठरला. मामींचं अंगण शेणानं सारवलेलं, मधे मधे दगड वर आलेले. संडास अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या पलीकडे, चाळीस-पन्नास पावलांवर. वॉकरचे बारीक पाय कुठं जमिनीत रुतायचे, कुठं दगडावर सटकायचे. मामी म्हणाल्या, "फुकलं तर उडंल हे." त्यामुळं पहाटे उठलं की सुनेला हाक मारायची आणि तिच्या खांद्यावर हात टाकून जायचं.

एकदा बायको माहेरी चार दिवस राहून आली. जेवताना म्हणाली, "आई संध्याकाळपासून पाणी पीत नाही."

"का?"

"रात्रीच्या वेळी वहिनीला उठवायची लाज वाटते तिला. उशाशी तांब्या भरून ठेवते वहिनी. सकाळी बघावं तर तसाच भरलेला. उन्हाळा तोंडावर आलाय आणि ही पाण्याला शिवत नाही." तिचे डोळे भरून आले. "आयुष्यात कुणाला एक पेला मागितला नाही तिनं. आता संडासला जायला हाक मारायची."

मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "मी बनवतो वॉकर. लोखंडी. दणकट."

"तुम्ही?" बायको म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्यात बावीस वर्षांची गुणवत्ता तपासणी होऊन गेली.

इथं माझ्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची चूक एकट्या माझी नाही. मी गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडं वस्तूची परीक्षा चिमटीनं होते. दोर, घोंगडी, ताडपत्री, चपलेचं कातडं, सगळं अंगठा आणि बोटाच्या मधे धरून दाबायचं आणि जाड लागलं तर घ्यायचं. वडील लग्नपत्रिकेचा कागद चिमटीत धरून पाहुणे कसे आहेत ते सांगायचे. भाकरी जाड, गोधडी जाड, भिंत जाड. बारीक हा शब्द आमच्यात फक्त आजाऱ्याबद्दल वापरतात. अभियांत्रिकीची पदविका घेतली, बावीस वर्षं मिलिमीटरात घालवली, पण ही चिमूट काही सुटली नाही.

आमच्या शहरातल्या शहागंजात वेल्डिंगच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. तिथून मी घरच्या विजेवर चालणारं छोटं मिग मशीन घेतलं. या वेल्डिंगमध्ये मशीनमधल्या रिळावरची तार टॉर्चमधून आपोआप बाहेर येत राहते, विजेनं वितळते आणि जोडात भरते. ही तार, म्हणजे वायर, वेगवेगळ्या जाडीची मिळते. दुकानदारानं काउंटरवर दोन रिळं ठेवली. बारीक होतं ते पॉइंट आठ मिलिमीटरचं, जाड होतं ते एक पॉइंट दोनचं.

"क्या जोडना है साब?"

"पाइप. सोळा गेज."

"फिर पॉइंट आठ लेव. पतले पाइप को पतली वायर."

मी दोन्ही तारा चिमटीत धरून बघितल्या. पॉइंट आठची तर हाताला लागलीच नाही. गजरा ओवायला ठीक होती. मामींचं वजन, ते अंगण, तो मोडलेला खुबा, आणि ही असली तार? एक पॉइंट दोनची मात्र बोटांना कशी भरीव लागली. मी म्हणालो, "ये दे दो."

"नक्को साब. ये मोटे काम की है. पाइप को छेद पड जाते."

"मैं बाईस साल क्वालिटी में था," मी म्हणालो.

दुकानदारानं हात जोडल्यासारखे केले. "हौ, तो फिर आप जानतेच." आणि रीळ बांधून दिलं. जाड वायरीला लागणारी टॉर्चच्या तोंडाची टिप आणि वायर पुढं ढकलणारे रोलरही दिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा आदर वाटलं.

घरापुढच्या मोकळ्या जागेत मी मांडामांड केली. काळी काच लावलेला मुखवटा, कातडी हातमोजे, नवा कोरा ॲप्रन. शेजारचे दोघं-तिघं खुर्च्या घेऊन येऊन बसले. मी त्यांना जोडाबद्दल थोडं सांगितलं, म्हणजे अर्धा तास सांगितलं. मग मुखवटा खाली केला आणि टॉर्चचं बटण दाबलं.

फट् असा आवाज झाला आणि पाइपाला करंगळी जाईल एवढं भोक पडलं. शेजारच्यांना वाटलं असंच असतं. दुसऱ्या जोडाला दुसरं भोक. तिसऱ्याला घरातले दिवे गेले, मग समोरच्यांनी गच्चीवरून विचारलं की तुमच्याकडं काही चाललंय का. मी मशीनचा करंट खाली आणला. आता भोक पडेना, पण वायरही वितळेना. ती नुसती पाइपावर ठकठक आपटायची आणि टॉर्च मागं ढकलायची, आतून कुणी दार लोटावं तशी. मग वर-खाली करत करत एक जागा अशी सापडली की भोकही पडत नव्हतं आणि वायरही वितळत होती. वितळून पाइपावर एक गोळा होऊन बसत होती. जाड, गोल, फुगीर गोळा. मला तो फार आवडला. पुन्हा नवे पाइप कापले आणि आठही जोड असेच गोळे घालून केले.

बायको चहा घेऊन आली. बघून म्हणाली, "अहो, पाइपाला गालगुंड झालंय का?"

"मजबुती आहे ती," मी म्हणालो.

असा जोड कारखान्यात समोर आला असता, तर मी लांबूनच आवाज काढला असता. आतून मला ते कळत होतं. वरचा गोळा कितीही मोठा असो, तो पाइपात वितळून मिसळला नसेल तर जोड नुसता चिकटलेला असतो, हे मी दर पावसाळ्यात नव्या कामगारांना शिकवायचो. गेज कपाटात होतं. मी ते काढलं नाही. ग्राइंडर घेतला, गोळे गुळगुळीत केले, खड्ड्यांत पुट्टी भरली आणि वरून चंदेरी रंगाचे दोन हात दिले. रंग वाळल्यावर वॉकर इतका देखणा दिसायला लागला की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. अजून आहे तो फोटो. पुसून टाकायचं धाडस होत नाही, आणि उघडून बघायचंही.

लासूरला माझं जे कौतुक झालं ते लग्नातही झालं नव्हतं. मामी वॉकर धरून उभ्या राहिल्या. दहा पावलं गेल्या, दहा पावलं आल्या. "लई भारी केलं जावईबापू," म्हणाल्या. शेजारणींना बोलावून आणलं. "जावयानं सोताच्या हातानं केलंय. शेरातून इकत नाय आणलं." पुरणाचा बेत झाला. मी चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवीला नको नको म्हणून ती पण खाल्ली. त्यानंतर मी दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचो. वॉकर कसा आहे? "लई झ्याक हाय. तुमी काळजी करू नगा." दोनदा आम्ही कळवून भेटायला गेलो, दोन्ही वेळा मामी माझ्यासमोर वॉकर धरून चालल्या. हळूहळू, पण चालल्या. मी ओसरीवर बसून त्यांच्या पावलांकडं कमी आणि माझ्या रंगाकडं जास्त बघत होतो.

महिन्याभरानं वैजापूरला एका लग्नाला मुक्कामी गेलो होतो. परत येताना सकाळी सकाळी बायको म्हणाली, वाटेतच आहे, आईला भेटून जाऊ. फोन केला नाही. केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

अंगणात शिरलो तर मामी गोठ्याच्या भिंतीला हात लावून, खेकड्यासारख्या आडव्या आडव्या सरकत येत होत्या. दुसऱ्या बाजूनं सुनेनं दंड धरला होता. ओसरीच्या कोपऱ्यात एका धुतलेल्या टॉवेलखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. चंदेरी पाय तेवढे दिसत होते. खाटेच्या उशाशी तांब्या होता. बायको सरळ तिकडं गेली, तिनं आत बघितलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला. काठोकाठ भरलेला.

मला बघून मामींची जी धांदल उडाली ती मी विसरू शकत नाही. "अगं वाकर आण, वाकर आण!" त्या सुनेला म्हणाल्या. पदर ओढायला हात उचलला, तशी भिंत सुटली आणि त्या डुलल्या. सुनेनं सावरलं. मी पुढं होऊन वॉकर उचलला. एक पाय हलत होता. किल्लीनं रंग खरवडला. जोडाच्या कडेनं अर्ध्या पाइपाभोवती केसाएवढी तांबडी रेघ गेली होती. गोळा जसाच्या तसा होता, गुबगुबीत. पाइपानं त्याला सोडून दिलं होतं.

"चौथ्या दिवशीच कट्ट करून वाजलं," सून म्हणाली. तिला आता राहवलं नाही. "म्या शेजारी व्हते म्हणून, न्हाय तर पडल्याच असत्या. कुणाला सांगायचं नाय म्हणल्या. तुमचा फोन आला की मलाच डोळे दाखवायच्या."

"गप गं," मामी म्हणाल्या. "जावयाच्या हातची वस्तू हाय. तिला नावं ठिवायची व्हय?"

म्हणजे दोन्ही वेळा आम्ही कळवून आलो तेव्हा, तडा गेलेला वॉकर धरून, मोडलेल्या खुब्यानं, ही बाई माझ्यासमोर चालून दाखवत होती. माझा मान राहावा म्हणून. मला लाज वाटली. अंगभर वाटली, कानापर्यंत. वॉकर उचलून गाडीत टाकला आणि निघालो.

वाटेत माळीवाडा आलं. बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तिला एकटीला जाता आलं पाहिजे. पोटभर पाणी पिता आलं पाहिजे. बाकी मला काही सांगू नका."

चांगल्या वेल्डरचं नाव आठवायला मला वेळ लागला नाही. तिथं जायला मात्र दोन दिवस लागले. मिस्त्रींनी निवृत्तीनंतर चितेगावच्या अलीकडं रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली होती. फाटकं, खिडक्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड असली कामं करायचे. मी रोज जाताना-येताना ती शेड बघितली होती आणि कधी उतरलो नव्हतो.

"या सायब," म्हणून त्यांनी खुर्ची पुसून दिली. पाणी दिलं. वॉकर उलटा करून हातोडीनं एकेका जोडाजवळ टिचकी मारल्यासारखं वाजवून बघितलं.

"कुणी केलंय?"

"आहेत एक ओळखीचे."

"मोठे मानूस हायत का?"

"आहेत," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माप घ्यायचा खडू कानामागून काढला आणि माझ्यापुढं धरला. "बघा मग जोड. ते काम तुमचं."

मी वाकलो. पहिला जोड, फुली. दुसरा, फुली. तडा एकाच जोडाला होता, पण बाकीचेही सगळे नुसतेच चिकटलेले. किती दिवसांनी हातात खडू आला होता आणि हात कसा सरावानं चालत होता. आठव्या जोडावर फुली मारून मी सरळ झालो.

"मिस्त्री, हे मी केलंय."

"वळखलं म्या. पयल्याच फुलीला."

"कसं?"

"दुसऱ्याच्या जोडाला तुमी आवाज काढता."

मी खुर्चीवर बसलो. मिस्त्रींनी विचारलं, "वायर कंची घातली?"

"एक पॉइंट दोन."

कंसांची ती ओळ, ती भोकं आणि माझं ते आवडतं वाक्य माझ्यासमोर आलं. मी म्हणालो, "तुम्ही एकदा सांगितलं होतं. वायर जाड आहे म्हणून."

"कवा?" मिस्त्री म्हणाले. खरंच विसरले होते की मला सोडून देत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. "जाड वायरीला वितळायला करंट लई लागतो. तेवढा दिला तर पातळ पाइप जळून जातो. कमी दिला तर वायर नुसती वर बसती, आत जातच नाय. पाइप बघायचा आन् मग वायर. तुमी वायर बघितली आन् पाइपाला म्हणले, सोस."

"मग तुम्ही करून द्या," मी म्हणालो आणि सासूबाईंची सगळी हकिकत त्यांना सांगितली.

"म्या केलं तर जावयानं केलं असं कसं म्हणणार त्या? तुमीच करा. म्या बसतो हितं."

नऊ दिवस गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला टॉर्चला हात लावू दिला नाही. आधी मशीन उघडायला लावलं. पॉइंट आठची वायर, पॉइंट आठची खाच असलेला रोलर, पॉइंट आठची टिप. यातलं एक जरी जाड राहिलं तर वायर आतच घसरते आणि गुंता होतो. तोही मी एकदा करून दाखवला. मशीनच्या पोटातून निघालेली ती जळमटं कापून काढताना मिस्त्री एवढंच म्हणाले, "घाई नाय आपल्याला." मग भंगारातल्या पाइपाचे तुकडे जोडायचे, टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळायचे आणि हातोडा घालायचा. पहिले दोन दिवस सगळे तुकडे सुटले. सुटला की मिस्त्री खडू पुढं करायचे. स्वतःच्या जोडावर फुली मारताना आवाज निघत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिसऱ्या दिवसापासून टॉर्चमधून पापड तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज यायला लागला. पाचव्या दिवशी हातोड्यानं पाइप वाकला, पण जोड सुटला नाही. मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी खडू कानामागंच ठेवला. माझ्या निवृत्तीच्या समारंभात जी शाल मिळाली होती, तिच्यापेक्षा मला याचा आनंद जास्त झाला.

नवा वॉकर त्याच मापाचा केला. पायांना खाली रुंद चकत्या आणि त्यांना टायरचं रबर, म्हणजे सारवलेल्या जमिनीत रुतणार नाहीत. ती कल्पना मिस्त्रींची. आठ जोडांपैकी सहा माझे आहेत. खालच्या अंगाचे दोन मी चहा घेत होतो तेव्हा मिस्त्रींनी करून टाकले. हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही.

लासूरला ओसरीवर सगळे बसले होते. मामी पदर ओढून सुनेच्या आधारानं उभ्या. मी वॉकर दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मामी, पहिला वॉकर वाईट होता."

"नाय नाय. झ्याक व्हता."

"वाईट होता. तुम्ही त्याला नावं ठेवा. ठेवल्याशिवाय हा देणार नाही."

मामींनी लेकीकडं बघितलं. लेक माझ्याकडं बघत होती. मामी कशाबशा म्हणाल्या, "जरा डुगडुगत व्हता."

"अजून."

"रंग बरा व्हता."

"मामी."

मामींनी एकदा छपराकडं बघितलं आणि मग सगळं एका दमात आलं. "लई वंगाळ व्हता वो पावनं! मरायची पाळी आली व्हती माजी. त्यो धरण्यापरीस भिंत बरी!" सून फस्सकन हसली. बायको हसली. मामी स्वतः पदरात तोंड घालून हसायला लागल्या आणि मला इतकं हलकं वाटलं की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी वॉकर हातात घेतला, वाकून एक जोड बघितला आणि चक्क चिमटीत धरून दाबला. "लई बारीक दिसतोय जोड," म्हणाल्या. "टिकंल का?"

"टिकेल," मी म्हणालो.

रात्री आम्ही तिथंच राहिलो. मी ओसरीवर झोपलो होतो. तांबडं फुटताना आवाज आला. रबरी पायांचा, दबका, एक टप्पा, थांबून दुसरा. मी डोळे मिटून घेतले. जावई जागा आहे हे कळलं तर मामी अवघडतील म्हणून. प्रत्येक टप्प्याला मी तो कट्ट आवाज येतो का ते ऐकत होतो. आवाज गोठ्याच्या पुढं गेला. कडी वाजली. बऱ्याच वेळानं पुन्हा कडी वाजली, आणि तीच पावलं परत यायला लागली. कुणाला हाक नाही, काही नाही. घरात सगळे झोपलेले होते.

पावलं आत खाटेपाशी जाऊन थांबली. मग पुन्हा निघाली आणि माझ्या अंथरुणापाशी आली.

"जागे हात नव्हं?" मामी म्हणाल्या. "मगाधरनं बघतीय, डोळे गच्च मिटलेत."

मी उठून बसलो. मामी एका हातानं वॉकर धरून ताठ उभ्या होत्या. दुसऱ्या हातात तांब्या होता. लग्नाला तीस वर्षं होत आली, या बाईनं मला कधी काम सांगितलं नव्हतं. वाटेतून जरा सरका, एवढंही कधी म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी तांब्या माझ्यापुढं धरला.

"पार रिकामा झालाय," त्या म्हणाल्या. "एवढा भरून द्या बरं."

मी माठापाशी गेलो, तांब्या काठोकाठ भरला आणि त्यांच्या उशाशी आणून ठेवला.